मेहकरच्या वकिलाची ‘शीळ’

मराठी भावगीताची सुरुवात कुठून झाली, असं कुणी विचारलं तर आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव अभिमानाने घ्या! कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे, पेशाने वकील. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीने तिची ध्वनिमुद्रिका काढली. मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं! ती तुफान खपली आणि पहिलं मराठी भावगीत म्हणून ‘शीळ’चं नाव झालं. याच नावाचा कवितासंग्रह आला थेट १९५४मध्ये. पुढे १९८६ साली त्यांच्या ‘खूणगाठी’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इतक्या वर्षांनंतरही ‘शीळ’ तितकीच ताजी वाटते. ऐकली नसेल तर आजच ऐका, घरातल्या मुलांनाही ऐकवा.