बागेतल्या रेल्वेला खडी कुठली?

दासगावच्या घराच्या अंगणात वीकेण्डला छोटी रेल्वे पळवायची? आयडिया एकदम भन्नाट! इंजिन, डबे, रूळ ऑनलाइन मिळतात. खरी गोची होते ती खडीपाशी.

वीर स्टेशनात उतरलात की रुळांखाली बघा. खडी २० ते ६५ मिलीमीटरची आणि टोकदार. टोकं एकमेकांत अडकतात, रूळ हलत नाहीत, पाणीही झरझर निघून जातं. आपला फंडा तोच, फक्त साइज वेगळा. ४५ मिलीमीटर गेजचं मॉडेल बऱ्याचदा १:२२.५ प्रमाणात असतं. त्या हिशोबाने खडी १ ते ३ मिलीमीटरची हवी, पण एवढी बारीक खडी कोकणातल्या पावसात वाहूनच जाईल. म्हणून मी सुचवेन ३ ते ६ मिलीमीटरची काळ्या दगडाची कच. क्रशरवरून आणा, चाळा, धुवा. भुकटी राहिली तर पाणी तुंबतं. सावित्रीतले गोटे नकोत, गोल असल्याने ते सरकतात. जांभ्याचा चुराही नको, झिजून त्याचा लाल चिखल होतो.

आणि प्लीज, फुकटात मिळते म्हणून मागचा डोंगर पोखरू नका. जुलै २००५ मध्ये याच दासगावात दरड कोसळून माणसं गाडली गेली होती. लागणार दोन-चार पोती कच. ती रीतसर विकत घ्या, बॉस, आणि पावतीही मागा!