पगार तिचा, पण हिशोबात तिचं नाव कुठे?

नोकरी करणाऱ्या बाईला घरखर्चाचं बजेट शिकवण्याची गरज नाही. वीस तारखेनंतर हातातल्या पैशांत महिना कसा काढायचा, हे तिला चांगलं ठाऊक असतं. अडचण वेगळीच आहे. तिच्या हिशोबात किराणा असतो, मुलांची फी असते, दिराची उसनवारी असते. तिचं स्वतःचं नाव मात्र कुठल्याच रकान्यात नसतं.

सुरुवात पगाराच्या स्लिपपासून करा. खासगी दवाखान्यात बिलिंग काउंटरवर काम करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. मूळ पगार १५,००० रुपये, भत्ते ५,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. पगार २१,००० रुपयांच्या आत असल्याने ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे १५० रुपये जातात. हातात येतात १८,०५०. ईएसआयची वजावट बघून नाराज होऊ नका. त्यातून उपचार मिळतात आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे सरासरी पगाराइतकी रक्कम मिळते.

व्यवसाय कर मात्र नीट बघा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर लागत नाही. तरीही स्लिपवर दोनशे रुपये कापलेले दिसले तर लेखा विभागाला लेखी विचारा. वर्षाचे अडीच हजार होतात, सोडून देण्यासारखी रक्कम नाही.

पीएफमध्ये मालकही १,८०० भरतो. त्यातले १,२५० पेन्शनकडे जातात, ५५० तुमच्या खात्यात. म्हणजे दरमहा २,३५० रुपये साठत असतात. लग्न ठरलं की नोकरी सोडायची, पीएफ काढायचा आणि तो मांडव-जेवणात घालायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची नोकरी लागते. पेन्शनचा पैसाही काढून घेतला की ही मोजणी पुन्हा शून्यापासून. नोकरी बदलताना जुनाच यूएएन क्रमांक द्या.

आता हातातले १८,०५०. पगार ज्या खात्यात येतो त्याचं एटीएम कार्ड आणि पिन कुणाकडे आहे? नवऱ्याकडे किंवा वडिलांकडे असेल, तर पुढचं सगळं कागदावरच राहील. कार्ड मागणं म्हणजे भांडण नव्हे, पण सोपंही नाही, हे मान्य. कार्ड हातात आलं की पगाराच्या दुसऱ्या दिवशी २,५०० रुपये आपोआप आवर्ती ठेवीत जातील अशी सोय करा. महिन्याअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं, तर काही उरत नाही. घराला ९,००० द्या, प्रवासाला १,५००, आई-वडिलांना २,०००. राहिलेल्या ३,०५० पैकी हजारभर रुपये वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी बाजूला काढा: शाळेची फी, लग्नातला आहेर, १४ एप्रिलचे नवे कपडे. हे खर्च अचानक येत नाहीत, तारीख ठरलेली असते. तरी दरवर्षी त्यासाठी उसने घेतले जातात. बाकीचे दोन हजार तुमचे. रिचार्ज, पॅड, पुस्तक, मैत्रिणीसोबतचा चहा. याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. आकडे प्रत्येकीचे वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवा.

गटाचं कर्ज बाईच्या सहीवर आणि पैसा दुसऱ्याच्या हातात, हा प्रकार तर वस्त्यावस्त्यांत आहे. हप्ता थकला की सिबिल तिचा बिघडतो. पैसा आपल्या हातात राहणार नसेल तर सही करू नका.

साठलेल्या पैशाचं पुढे काय होतं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता बाई गेली, तर तिच्या स्वकमाईवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हेच आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. माहेरच्यांनी तिला शिकवलं, तिने नोकरी केली, बँकेत आणि पीएफमध्ये पैसा साठवला. मृत्युपत्र नव्हतं. पैसा मिळाला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. आईचा दावा टिकला नाही.

नॉमिनी लावला की झालं, असं समजू नका. बँक खात्याचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांचीच राहते. पीएफचं नामांकन लग्नानंतर नव्याने भरावं लागतं, तेही विसरलं जातं.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर कुणाला काय द्यायचं ते लिहा, तारीख घाला आणि दोन साक्षीदारांसमोर सही करा. त्या दोघांनीही तुमच्यासमोर सही करायची. ज्यांना पैसा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. कागद कुठे ठेवलाय हे एका विश्वासू मैत्रिणीला सांगून ठेवा.