बाबा, चला फिरायला!

‘बाबा, जरा चालत जा ना!’ हा डायलॉग घरोघरचा. पण ते का जात नाहीत, हे कधी विचारलंय? जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस सांगते, पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. शिवाय निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. घोडं अडतं ते आळसापाशी नाही. उखडलेला फुटपाथ, पडायची धास्ती, कुरकुरणारे गुडघे, वाटेत टॉयलेट नाही आणि सोबत तर नाहीच! दादरच्या शिवाजी पार्कात कट्टा आहे. दमलं की टेकता येतं, गप्पाही रंगतात. माझ्या बाबांचा फिरण्यातला जोडीदार गेला आणि त्यांचं चालणंच थांबलं. आता रविवारी मी जाते बरोबर. तुम्हीही सल्ले पुरे करा, बूट चढवा!