पंप फिरतो, पण पाणी उचलत नाही
महाल, धंतोलीसारख्या नागपूरच्या जुन्या वस्त्यांत घरामागची विहीर अजून दिसते. प्लंबर पाइप बदलून जातो आणि संध्याकाळी मोटर नुसतीच घोंघावते. मोटर जळली असं समजून घाबरू नका. बहुतेक वेळा पाइपात हवा शिरलेली असते.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ती जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी तोलते. सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात थोडं कमी. व्यवहारात सात मीटरच धरावेत. म्हणून मे महिन्यात पाणी खोल गेलं की काठावरचा पंप हरतो.

मेन स्विच बंद करून पंपावरचं बूच उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओता. पातळी उतरतच राहिली तर पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह तपासा, त्यात बहुधा कचरा अडकलेला असतो. पातळी टिकूनही पाणी येत नसेल तर नवा सांधा बघा. तिथे ओल दिसली नाही तरी हवा आत जाऊ शकते. बूच घट्ट लावूनच मोटर सुरू करा. दोन मिनिटांत धार आली नाही तर लगेच बंद करा, कोरड्या फिरण्याने सील जळतं.