परक्या सैनिकांची माणसे, आपली दफनभूमी

२१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, तेव्हा पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचे नाव कोरलेला दगड कशासाठी, असा प्रश्न या शहरातील तरुण पिढीतल्या पुष्कळांना पडला असेल. वळिवड्याच्या छावणीची हकीकत त्या निमित्ताने पुन्हा एकदा सांगितली गेली. परदेशी निर्वासितांना कोल्हापूरने आसरा दिला, हा त्या हकीकतीचा सुखद भाग होय. तिचा दुसरा, काहीसा अडचणीचा भाग शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत आहे. छावणीत मरण पावलेली सुमारे पाऊणशे पोलिश माणसे तेथे चिरनिद्रा घेत आहेत. ही जागा त्यांना कोणी दिली, कोणाच्या भरवशावर दिली आणि तो भरवसा आज कोणाकडे चालत आला आहे, या प्रश्नांचा विचार मात्र समारंभांच्या गर्दीत मागे पडतो.

छावणीतले लोक नुसते निर्वासित नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडात शिरल्या आणि पुढच्या दोन वर्षांत तेथील लाखो माणसे सैबेरिया व मध्य आशियात हलवली गेली. जर्मनीने रशियावर चाल केल्यानंतर, १९४१ च्या जुलैमधील करारान्वये या कैद्यांची मुक्तता झाली व जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्यातून नवे पोलिश सैन्य उभे राहिले. १९४२ मध्ये हे सैन्य इराणमार्गे ब्रिटिशांच्या बाजूस आले, तेव्हा त्याच्यामागोमाग सैनिकांच्या बायका, मुले, म्हातारे आईबापही आले. पुरुष लढाईवर गेले. उरलेल्यांची सोय ब्रिटिश साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांत लावण्यात आली. १९४३ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वळिवडे येथे जी वसाहत उभी राहिली ती अशा कुटुंबांची होती. सुमारे पाच हजार वस्तीच्या या छावणीत शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते. घरातला कर्ता माणूस इटलीच्या आघाडीवर आणि घर करवीरच्या माळावर, अशी ती स्थिती होती. १९४४ च्या मे महिन्यात पोलिशांनी मोंते कासिनोचा मठ घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये वरच्या टायबर खोऱ्यात माणगावकडचे यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉसचा पराक्रम करून धारातीर्थी पडले. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी तोच सन्मान मिळवला, तेव्हा पोलिश सैन्यही त्याच नदीवर त्याच आठव्या सेनेत लढत होते. वळिवड्यात पत्रांची वाट पाहणाऱ्या बायकांचे नवरे आणि मराठा पलटणींचे जवान एकाच चिखलात उभे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

छावणीत मृत्यू होणे अटळच होते. उपासमार, टायफस आणि हजारो मैलांचा प्रवास यांतून आलेल्या माणसांमध्ये म्हातारे होते, क्षयी होते, अशक्त मुले होती. त्यांच्या दफनासाठी कोल्हापुरातली दफनभूमी उपयोगी पडली. येथील ख्रिस्ती समाज बहुतांशी १८५२ साली येथे आलेल्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या परंपरेतला; पोलिश माणसे कॅथलिक. जिवंतपणी ज्या भेदांवरून युरोपात रक्तपात झाला, त्या भेदांची आडकाठी येथे मातीला झाली नाही.

जागा दिली गेली ती एका व्यवस्थेच्या विश्वासावर. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारच्या नावे पडत होता. त्याच्यामागे हिंदुस्थान सरकारची सत्ता होती. आणि भूमी कोल्हापूर संस्थानची होती. राजाराम महाराज १९४० सालीच निवर्तले होते व संस्थानचा कारभार रीजन्सीकडे होता. या तिन्ही पक्षांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. १५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिश राज्य संपले. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पहिली कबर खणली गेल्यापासून सहा वर्षांच्या आत, तिची हमी देणाऱ्यांपैकी एकही त्या अधिकाराने उरला नाही. छावणी १९४८ साली रिकामी झाली. बहुतेक कुटुंबे ब्रिटनच्या १९४७ च्या पुनर्वसन कायद्याचा आधार घेऊन आपापल्या सैनिकांकडे गेली, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगली, थोडी पोलंडला परतली. रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. एका निर्वासिताची खोली दुसऱ्या निर्वासिताला देता आली. कबरीच्या बाबतीत तसे काही करता येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर कबर हे शाश्वत दायित्व आहे. दहनाचा खर्च एकदाचा असतो. कोल्हापूर महापालिका पंचगंगेच्या स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते, होळीला शेणी जाळण्याऐवजी तेथे दान करण्याची प्रथा नागरिकांनी पाडली आहे, आणि या व्यवस्थेचा शहराला रास्त अभिमान आहे. परंतु तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाले की सार्वजनिक संस्थेचे त्या मृतासंबंधीचे काम संपते. दफनाचे तसे नाही. तेथे काम संपते असे वाटते त्या दिवशी ते सुरू होते: कुंपण, गवत, पाण्याचा निचरा, खचलेला चौथरा, पुसट होत जाणारी अक्षरे. दरसाल थोडे थोडे, पण कायमचे. ज्या समाजाची बहुसंख्या दहन करते, त्या समाजाच्या अंदाजपत्रकात या प्रकारच्या खर्चाची सवय नसते, हे समजण्यासारखे आहे.

सैनिकांच्या स्वतःच्या कबरींसाठी ही अडचण जगाने पूर्वीच सोडवली आहे. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ साली, युद्धकबर आयोग सनदेने स्थापन झाला. आज त्याचा खर्च ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व भारत ही सहा सरकारे आपापल्या सैनिकांच्या कबरींच्या प्रमाणात उचलतात. ब्रिटनचा वाटा चार-पंचमांशाच्या आसपास, भारताचा सुमारे एक टक्का. पुण्याजवळ खडकीचे युद्धस्मशान पाहिले म्हणजे या व्यवस्थेचे गमक कळते. पश्चिम व मध्य भारतातील ज्या गावोगावच्या दफनभूमींत कबरींची कायम निगा राखण्याची खात्री देता येत नव्हती, तेथील दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचे अवशेष तेथे एकत्र आणले गेले. तेथे अशा १,६६८ कबरी आहेत. हा आयोग निर्दोष होता असे मात्र नव्हे. आशिया-आफ्रिकेतील किमान एक लाख सोळा हजार मृतांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत, ही कबुली त्याने २०२१ साली स्वतःच्याच अहवालात दिली. तथापि नियम करून ठेवल्यामुळे चूक निदान मोजता तरी आली. सैनिकाच्या मागे छावणीत राहून मेलेली त्याची आई किंवा मूल या नियमात कोठेच बसत नाही. वळिवड्याच्या कबरी नेमक्या या फटीत पडल्या आहेत.

अमेरिकेने ही फट बुजवली. १८६२ च्या कायद्याने तेथे राष्ट्रीय दफनभूमी सुरू झाल्या, आणि आज त्यांत माजी सैनिकाबरोबर त्याच्या पत्नीला व अज्ञान मुलांनाही जागा, शिळा व कायमची देखभाल विनामूल्य मिळते. या थोरपणाच्या पोटात एक व्यवहाराचा धडाही आहे. आर्लिंग्टनची प्रसिद्ध दफनभूमी जनरल ली यांच्या घराण्याच्या मालमत्तेवर झाली. ब्याण्णव डॉलरांच्या थकलेल्या करापोटी सरकारने ती घेतली होती. पुढे न्यायालयाने वारसाच्या बाजूने निकाल दिला, आणि १८८३ साली सरकारला त्याच जागेसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले. मृतांना जागा देताना कागद पक्का नसेल, तर त्याची किंमत पुढची पिढी भरते.

कोल्हापुरात कागदाची स्थिती तत्त्वतः वाईट नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दफन व दहनभूमी हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत तो नागरी संस्थांकडे सोपवण्याच्या कामांत घातला आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणे, त्यांचे नियमन करणे व नव्या जागा पुरवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. (ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत मात्र या विषयाचा नामोल्लेखही नाही, आणि गावोगावी पावसाळ्यात प्रेत घेऊन ताटकळणाऱ्या लोकांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.) दफनभूमीची मालकी व दैनंदिन कारभार कोणत्याही समाजाच्या वा विश्वस्तांच्या हाती असो, नियमनाचे उत्तरदायित्व नागरी संस्थेकडे उरतेच.

मग उणीव कोठे आहे? ती खर्चाच्या प्रकारात आहे. महावीर उद्यानात १९९८ साली पोलिश स्मारक झाले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ झाला, त्याला पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आले. हे सर्व उचितच होते. पण स्मारक हा भांडवली खर्च आहे. त्याचे उद्घाटन होते, त्यावर नाव लागते. गवत कापणे हा महसुली खर्च आहे. त्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. सार्वजनिक वित्तव्यवहारात धरण बांधायला पैसा मिळतो आणि चाऱ्यांच्या दुरुस्तीला मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार. आजवर या कबरींची आठवण ठेवली ती मुख्यतः छावणीत वाढलेल्या मुलांनी. त्यांनी लंडनमध्ये संघटना बांधली, ती कोल्हापूरला येत राहिली. परंतु १९४३ साली पाच वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. नातवंडांना भावना असेल. कोणती कबर कोणाची हे शिळेवरील अक्षर गेल्यावर त्यांना सांगता येणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या शहराला रस्ते, सांडपाणी आणि पंचगंगेचे प्रदूषण पुरून उरले आहे, त्याने परक्यांच्या कबरींवर खर्च का करावा? शिवाय आपल्या माजी सैनिकांचे काय? हा जिल्हा सैनिकांचा आहे. सैनिक टाकळीसारख्या गावाने तर ते नावातच मिरवले आहे. रणात पडलेल्या जवानाला शासकीय इतमाम मिळतो, गाव त्याचे स्मारक बांधते. परंतु निवृत्त होऊन ऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेलेला सुभेदार आणि त्याच्यामागून जाणारी त्याची पत्नी यांची गोष्ट निराळी असते. त्यांतल्या बहुतेकांचे दहन होते. पण लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती सैनिकांचे दफन होते, आणि दफनभूमीत जागा अपुरी पडू लागली की जुन्या कबरीच्या जागी नवी खणली जाते. त्याच्या शिळेवर पलटणीचे नाव असले तरी ती शिळा टिकेल याची हमी आज कोणी देत नाही.

हा आक्षेप खरे पाहता मूळ मागणीलाच बळ देतो. पोलिश कबरींसाठी वेगळी मेहेरबानी मागण्याचे कारण नाही, आणि सैनिकांसाठी निराळ्या दफनभूमी काढण्याचेही नाही. जातवार विभागलेल्या स्मशानांच्या देशात आणखी एक वर्ग निर्माण करण्यात शहाणपण नाही. हवे आहे ते एवढेच: शहरातील प्रत्येक दफनभूमीची कबरवार नोंदवही व नकाशा, सैनिक व सैनिकाचे कुटुंबीय यांच्या कबरींची त्यात स्वतंत्र खूण, मग सैनिक मराठा पलटणीचा असो की अँडर्स यांच्या फौजेचा, अशी जागा पुन्हा न खणण्याचा नियम, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात देखभालीची दरसालची, न चुकणारी एक ओळ. रक्कम किरकोळ असेल. एका स्वागत कमानीच्या खर्चात अनेक वर्षांची निगा निघावी.

परतफेडीचा हिशेबही डोळ्याआड करता येत नाही. आपली माणसेही परक्या मातीत आहेत. इटलीत सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात, ज्यांचे दहन झाले अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत. खुद्द कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस वर्षांचे. ज्या शहराने दहनविधी कधी पाहिला नव्हता, त्याने आर्नो व मुन्योने यांच्या संगमावर चिता रचू दिली. तेथे १८७४ साली उभारलेली छत्री व महाराजांचा अर्धपुतळा आजही सार्वजनिक उद्यानात आहे, आणि जवळच्या आधुनिक पुलाला फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या भारतीयाचेच नाव दिले आहे.

कोल्हापूरच्या पावसात दगडावरची उथळ अक्षरे फार वर्षे तग धरत नाहीत, आणि पोलिश लिपीतल्या खुणा आधी जातात. नोंदवहीचे काम त्यामुळे पुढल्या पावसाळ्यापूर्वी व्हावे. महापालिकेचा एक भूमापक, शिवाजी विद्यापीठातील इतिहासाचे काही विद्यार्थी आणि मुंबईच्या पोलिश वकिलातीकडून नावे तपासून देणारा एखादा माणूस, एवढी मंडळी काही दिवसांत ते पुरे करू शकतील.