वळवाचं आभाळ टिपायचंय? कळंब गाठा!

कर्जत तालुक्यातल्या कळंबच्या पूर्वेला भीमाशंकरच्या सह्यरांगेची भिंत, तर पश्चिमेला माथेरानचा डोंगर. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं आणि ही भिंत उजळते. मागे मात्र काळंभोर आभाळ! इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच उमटतं, म्हणून संध्याकाळी तेही इथेच शोधायचं. आंबिवलीकडे सरकलं की पेठच्या किल्ल्याचा, म्हणजे कोथळीगडाचा सुळका फ्रेममध्ये येतो.

वीज बघून बटण दाबेपर्यंत ती विझलेली असते.

म्हणून फोटोग्राफर रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर लावतात. फोकस हातानं दूरवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ आणि शटर १० ते २० सेकंद उघडं. तेवढ्यात चमकलेली वीज आपोआप टिपली जाते.

आवाजाला १ किलोमीटर कापायला साधारण ३ सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ट्रायपॉड तिथेच सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. झाडाखाली तर थांबूच नका.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा इशारा देतं. निघण्याआधी ते मोबाइलमध्ये घ्या.