अमूनच्या बायका, थीब्सच्या मालकिणी

इजिप्तमधल्या थीब्सला (आजचे लक्सर), कार्नाकच्या अमून मंदिरात सापडलेल्या एका शिळेवर चक्क करारनामा कोरलेला आहे. काळ इ.स.पू. सोळाव्या शतकाचा. राजा अहमोस, त्याची राणी अहमोस-नेफरतारी आणि साक्षीला खुद्द अमूनदेव. व्यवहार मंदिरातल्या दुय्यम पुरोहितपदाचा, आणि मोबदल्याच्या यादीत सोने, चांदी, तांबे, कपडे, केसांचे टोप, सुगंधी तेल, धान्य, जमीन असे सगळे आहे. राणीकडे ‘अमूनची देवपत्नी’ हे मंदिरातले पदही होते; त्या पदाला स्वतःची मिळकत जोडली गेली ती याच राणीच्या काळात. इजिप्तच्या राण्यांवर लिहिणारे बहुतेक जण क्लिओपात्रापासून किंवा बर्लिनमधल्या नेफरतितीच्या अर्धपुतळ्यापासून सुरुवात करतात. राण्यांचा खरा जोर कळायला मात्र ही रुक्ष यादी अधिक उपयोगी पडते.

राण्यांचा दबदबा तसा जुनाच. अबिडोस इथली मेरनाइथची कबर पुरातत्त्वज्ञ पेट्रीने १९०० साली उकरली, तेव्हा तिचा थाट पाहून ती राजाचीच असणार असे तो धरून चालला होता. अहहोतेप राणीने सैन्य सांभाळले, पळून गेलेल्यांना परत आणले, दक्षिणेतली बंडाळी मोडली, असे तिच्या मुलाने कार्नाकमध्ये कोरून ठेवले. पण अशा बायकांचा अधिकार नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने चाले. देवपत्नीपदाने त्याला जमीनजुमल्याचा आणि धर्माचा स्वतंत्र आधार दिला.

त्यामागचा धर्मविचारही पक्का होता. राजा अमूनचा मुलगा ठरवायचा, तर त्याची आई अमूनची बायको ठरणारच. हातशेप्सुतने नेमका हाच धागा उचलला. ती आधी देवपत्नी होती. सावत्र मुलगा तुत्मोस तिसरा लहान म्हणून कारभार पाहू लागली आणि पुढे स्वतःच फेरो झाली. देर अल-बहरीच्या मंदिरात तिने आपली जन्मकथा कोरवून घेतली. अमून तिच्या बापाच्या रूपात आईकडे आला, आणि त्यातून ही जन्मली! वारसाहक्काचा याहून भक्कम पुरावा कुठल्या दरबारात मिळायचा? फेरो झाल्यावर देवपत्नीपद तिने मुलीकडे, नेफरुरेकडे सोपवले. म्हणजे सिंहासन आणि देवघर, दोन्ही घरातच.

तीयेची तऱ्हा वेगळी. नवरा अमेनहोतेप तिसरा वारल्यावर मितान्नीचा राजा तुश्रत्त याने थेट तिलाच पत्र लिहिले. तुझ्या नवऱ्याने भरीव सोन्याच्या मूर्ती कबूल केल्या होत्या, तुझ्या मुलाने सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी पाठवल्या, अशी त्याची तक्रार. आधीच्या राजाशी काय ठरले होते ते तीयेला ठाऊक आहे, हे परक्या दरबाराला माहीत होते. तिची सून नेफरतितीही कार्नाकच्या एका वास्तूत राजाशिवाय, फक्त मुलीला सोबत घेऊन सूर्याला अर्घ्य देताना दिसते; हा मान एरवी राजाचा.

पण माझ्या मते या सगळ्याचा कळस अहमोस-नेफरतारीनंतर आठ-नऊशे वर्षांनी आला, आणि तो ज्यांची नावे फारशी कुणाला माहीत नाहीत अशा बायकांनी गाठला. तोवर देवपत्नी ही राजाची बायको राहिली नव्हती, राजकन्या झाली होती. नवऱ्याचा, मुलाबाळांचा उल्लेख नाही. वारस येई दत्तकविधानाने. थीब्स ताब्यात ठेवायचे तर तिथल्या देवपत्नीच्या मांडीवर आपली मुलगी बसवायची, हा राजमार्गच पडला. नुबियातून आलेल्या कुशी राजांनी तो धरला, आणि त्यांच्यानंतर आलेल्या राजा प्सामतिकनेही.

इ.स.पू. ६५६ मध्ये प्सामतिकची मुलगी नितोक्रिस उत्तरेतून नौकांच्या ताफ्यानिशी निघाली आणि सोळाव्या दिवशी थीब्सच्या धक्क्याला लागली. शिलालेखात किनाऱ्यावर लोटलेली गर्दी आहे. आधीच्या वारशीला हुसकावणे शोभणार नाही, म्हणून मी माझी मुलगी तिच्या पदरात घालतो, असे राजा साळसूदपणे सांगतो. विस्थापित घराण्याच्या राजकन्येने यावर काय म्हणावे! नितोक्रिसच्या नावे सुमारे ३३०० अरूरा, म्हणजे जवळपास सव्वादोन हजार एकर जमीन लागली. थीब्सचा कर्ताकरविता मोंतुएमहात, त्याची बायको आणि मुलगा यांनी तिला रोजचा शिधा बांधून दिला. तलवार न उपसता दक्षिण इजिप्त हाती आला, आणि नितोक्रिस पुढे सुमारे सत्तर वर्षे त्या गादीवर राहिली.

देवपत्नीचे नाव राजासारखे लंबवर्तुळाकार चौकटीत लिहिले जाई. तिच्या दिवाणांच्या कबरी आजही लक्सरच्या पश्चिम तीरावर आहेत. त्यातल्या हरवा आणि पाबासा यांच्या कबरींची ऐट पाहिली, की त्यांच्या मालकिणींच्या तिजोरीचा अंदाज येतो.

नितोक्रिसने मांडीवर घेतलेली अंखनेसनेफरिब्रे ही शेवटची मोठी देवपत्नी. इ.स.पू. ५२५ मध्ये इराणी फौजा आल्या आणि हे पदच संपले. तिची दगडी शवपेटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे काही शतकांनी एका पुरुषाने ती स्वतःसाठी वापरली.